अणदूर, दोनशे फुटांवरून

कॅप्टन कृष्णराज यांच्याशी माझी ओळख भांडणातून झाली, आणि ते भांडण मीच उकरून काढलं होतं. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

कॅप्टन पुण्याचे. तीस वर्षं विमानं उडवून निवृत्त झालेले, आणि आता घरी बसून कॉम्प्युटरवरच्या विमानांबद्दल लिहिणारे. ज्यांना हा नाद ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सिम्युलेटर नावाचा एक प्रकार असतो. घरच्या कॉम्प्युटरवर तुम्ही विमान चालवता आणि खाली अख्खी पृथ्वी पसरलेली असते. त्यातली मोठमोठी शहरं इतकी हुबेहूब असतात की इमारतींच्या खिडक्या मोजाव्यात. उरलेली पृथ्वी मात्र यंत्रानं अंदाजानं भरलेली. उपग्रहाच्या फोटोत घर दिसलं की यंत्र तिथं एक ठरावीक घर ठेवतं, झाड दिसलं की ठरावीक झाड. कॅप्टन या दृश्यांची परीक्षणं लिहायचे आणि जगभरचे शौकीन ती वाचायचे. मीही वाचायची.

एकदा त्यांनी मुंबई ते हैदराबाद या मार्गावर लिहिलं. त्यात एक ओळ होती. ‘सोलापूर मागं पडलं की ऑटोपायलट लावा आणि चहा टाका. पुढचे दीडशे किलोमीटर बघण्यासारखं काही नाही.’

माझं डोकंच फिरलं. त्या दीडशे किलोमीटरमध्ये मी राहते.

मी शिवकन्या. अणदूरच्या स्टँडजवळ माझं सेवा केंद्र आहे. सातबारा काढून दे, पीकविम्याचा अर्ज भर, आधारवरचं नाव दुरुस्त कर, असली कामं दिवसभर चालतात, आणि गिऱ्हाईक नसलं की मी विमान उडवते. गावात मला ‘विमानवाली’ म्हणतात, आणि ते कौतुकानं म्हणत नाहीत. त्या दिवशी एका माणसाला उत्पन्नाचा दाखला हवा होता, त्याला मी ताटकळत ठेवलं आणि कॅप्टनना दोन पानी मेल लिहिला. नळदुर्गचा किल्ला बघितलाय का? पाणीमहालावरून बोरी नदी कोसळताना बघितलीय का? बघितलं नसेल तर लिहिता कशाला? त्यांचं उत्तर एका ओळीत आलं. ‘हे सगळं तुमच्या सिम्युलेटरमध्ये बघा आणि काय दिसलं ते मला कळवा.’

खरं सांगायचं तर तोवर मी आल्प्सवरून उडायची, समुद्रावरून उडायची. स्वतःच्या गावावर कधी गेलेच नव्हते. त्या दिवशी गेले. नळदुर्गचा किल्ला म्हणजे एक राखाडी ढेकूळ. मुरुमच्या बाजारपेठेत उतरत्या छपरांची लाल घरं, आणि त्यांच्यामध्ये नाताळात सजवतात तसली टोकदार झाडं. माकणीच्या धरणाचं पाणी समुद्रासारखं निळंशार. आणि आमच्या खंडोबाच्या देवळाच्या जागी चक्क पत्र्याचं गोदाम. म्हणजे माणूस खोटं लिहीत नव्हता. हेच मला जास्त झोंबलं.

मी कॅप्टनना लिहिलं, ‘थांबा. मी दाखवते.’

दाखवायला मला तीन वर्षं लागली. मुरुमचा वीरभद्र लग्नाचं शूटिंग करतो, त्याच्याकडे ड्रोन आहे. मी त्याला पटवलं. ड्रोन वरून हजारो फोटो काढतो आणि ते फोटो जोडून कॉम्प्युटर त्यातून अख्खं गाव उभं करतो, भिंतीच्या पोपड्यांसकट. अट एकच. फोटोत गर्दी नको. माणसं हलतात, मग ती भिंतींवर फासल्यासारखी दिसतात, चेहरे नसलेली, पायच पाय. म्हणून गाव मोकळं असेल तेव्हाच फोटो काढायचे. त्यात वीरभद्रचा ड्रोनही लग्नं नसतानाच रिकामा. पौषात लग्नं नसतात, तेव्हा आम्ही अणदूर टिपलं. आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबली, तेव्हा पावसाची उघडीप बघून नळदुर्ग. दोन्हीकडं देवळाचं अंगण अगदी स्वच्छ मिळालं, एक माणूस मध्ये आला नाही. स्वतःच्या हुशारीचं मला फार कौतुक वाटलं होतं.

बाकीचं हातानं. यंत्रानं ठेवलेली ती टोकदार झाडं मी एकेक करून उपटली आणि जिथं बाभूळ आहे तिथं बाभूळ लावली, लिंब तिथं लिंब, चिंच तिथं चिंच. अकरा हजार झाडं. माकणीच्या पाण्याला गढूळ रंग दिला. शेवटी सगळं इतकं जड झालं की कॉम्प्युटर धापा टाकायला लागला, तेव्हा हातानं ठेवलेल्या वस्तूंमधल्या एक मीटरपेक्षा बुटक्या काढून टाकणारा एक छोटा प्रोग्राम लिहून मी तो सगळ्या जिल्ह्यावरून फिरवला.

त्याच सुमाराला सिम्युलेटरच्या कंपनीनं जाहीर केलं की पुढच्या अपडेटमध्ये भारतातला एक प्रदेश घ्यायचा आहे, शौकिनांनीच बनवलेला. जो निवडला जाईल तो जगातल्या प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर आपोआप उतरणार. शेवटच्या फेरीत तिघं राहिलो. एकाचा कोकण किनारा, एकाची हिमालयातली दरी, आणि माझा धाराशिव जिल्हा. समुद्र आणि बर्फ यांच्यासमोर आमचं सोयाबीन. निवड करणार होते कॅप्टन कृष्णराज. मी हरले असते तर माझी तीन वर्षं माझ्याच टेबलावर राहिली असती, आणि जगाच्या लेखी आमचं देऊळ गोदामच राहिलं असतं.

कॅप्टननी परीक्षाही स्वतःच्या डोक्यातून काढली. ते म्हणाले, “फोटो देखणे असले म्हणून जागा खरी होत नाही. प्रत्येकानं तिथला एक माणूस आणायचा. चाळीस वर्षं तिथं राहिलेला, सिम्युलेटर कधी न बघितलेला. त्यानं आपल्या ओळखीची एक जागा मनात धरायची आणि तिचा फोटो फक्त मला पाठवायचा. मी त्याला विमानात बसवून कुठंतरी सोडेन. नकाशा बंद, गावांची नावं बंद, होकायंत्र झाकलेलं. पंचवीस मिनिटांत त्यानं मला त्या जागेवर न्यायचं. ती जागा तुमच्या दृश्यात नसेल, किंवा माणसाला ओळखू आली नाही, तर तुम्ही बाद. आणि तुम्ही स्वतः तोंड उघडायचं नाही. नुसतं ‘हं’ केलंत तरी बाद.”

मी आत्याला विचारलं. दगडाबाई, माझ्या वडिलांची मोठी बहीण, वय अडुसष्ट. खंडोबाच्या देवळासमोर तिचं भंडारा-खोबऱ्याचं दुकान आहे. समोर म्हणजे कुठल्या देवळासमोर, हे महिन्यावर अवलंबून. आमचा देव वर्षातले दहाएक महिने अणदूरला असतो आणि दोनेक महिने नळदुर्गला. मूर्तीच पालखीतून जाते, मानकरी जातात, आणि मागोमाग आत्या आपली पाटी डोक्यावर घेऊन निघते. देव जिथं, दुकान तिथं. लग्न झाल्यापासून तिनं एकही खेप चुकवलेली नाही. विमान सोडा, जीपच्या पुढच्या सीटवरसुद्धा ती कधी बसली नव्हती.

“मला काय कळतंय त्यातलं?” ती म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, “पर माजं गाव मला वळखू आलं न्हाय, तर चूक तुजी. म्या माजं गाव इसरले न्हाय.”

जागेचा फोटो वीरभद्रनं आपल्या मोबाइलवर काढून थेट कॅप्टनना पाठवला. मला दोघांनीही काही सांगितलं नाही. आत्याच्या तोंडून गोष्ट बाहेर काढणं कुणालाच जमत नाही, तिथं मी काय.

बाकी दोघांच्या परीक्षा आधीच झाल्या होत्या. रविवारी सकाळी दहाला शटर अर्धं ओढून आम्ही बसलो. मोठ्या पडद्यासमोर आत्या, तिच्यामागं साक्षीदार म्हणून वीरभद्र, आणि कोपऱ्यात स्टुलावर मी, तोंडात पदर कोंबून. विमान कॅप्टन पुण्यातून चालवणार होते, पडद्याच्या कोपऱ्यात त्यांचा चेहरा दिसत होता. पांढऱ्या मिशा, बारीक डोळे.

“नमस्कार मावशी. वेळ सुरू झाली. खाली काय दिसतंय?”

आत्या पुढं वाकली. “काय बी दिसंना. गोधडी हांतरल्यावानी हाय सगळं.”

“आपण चार हजार फुटांवर आहोत.”

“मग खाली घ्या की. एवढ्या वरनं घारीला दिसंल, मला कसं दिसावं?”

“किती खाली?”

“देवळाची दीपमाळ दिसंल एवढं.”

कॅप्टन हसले. “मावशी, दोनशे फुटांवर येतो. खऱ्या विमानात याला परवानगी नसते.”

“मग बरं झालं न्हवं, हे खरं न्हाय ते.”

विमान खाली आलं. मोठं पाणी लागलं, मातीची लांबलचक भिंत, दरवाजे. आत्या बघत राहिली. पाणी तिला ओळखू आलं नाही, हे मला तिच्या खांद्यांवरून कळलं. पाणी सगळीकडं सारखंच. तीन मिनिटं गेली. मी पदर चावत होते.

“ती गावं बगा,” आत्या एकदम म्हणाली. “पाटीवर आखल्यावानी सरळ गल्ल्या. भूकंपानंतर बांधून दिल्याली गावं हायती ही. अन् शेजारी धरण. माकणी हाय ही.”

“नक्की?”

“माजी थोरली लेक दिलीया तिथं. तुमी मला तिचं गाव शिकवायलाव व्हय?”

कॅप्टननी हात वर केले. त्या गल्ल्या मी पट्टी लावून आखल्या होत्या.

आत्यानं लोहाऱ्याची सडक धरायला लावली आणि एसटी जाते तसं विमान न्यायला सुरुवात केली. प्रत्येक फाट्यावर ती “हितं थांबा” म्हणायची आणि कॅप्टन म्हणायचे, “मावशी, थांबता येत नाही.” एका वळणावर विमान कलंडलं, पडदा सगळा तिरका झाला, आणि आत्यानं डोळे मिटून टेबल धरलं. डोळे उघडले तर खाली सडक नाही.

“फिरवलंत व्हय? आता माजी दिशा गेली.”

“सरळ जाऊ का?”

“जरा गप बसा.” कॅप्टनना आयुष्यात असं कुणी म्हटलं असेल असं वाटत नाही. ते गप बसले. आत्या मातीकडं बघत होती. “काळं रान सपलं. ही बरड लागली, मुरमाड. म्हंजी हैदराबादची सडक जवळ आली. उजवीकडं घ्या.”

ते काळं आणि ते बरड मी दोन उन्हाळे खपून वेगळं रंगवलं होतं. वीरभद्रनं मागून हळूच माझ्याकडं बघून अंगठा दाखवला. मी त्याच्याकडं डोळे वटारले, कारण अंगठाही मोजला गेला असता तर?

हमरस्ता आला, आणि त्याच्यापलीकडं नळदुर्ग. तटबंदी, बुरूज, मधून फिरलेली बोरी. कॅप्टननी किल्ल्यावरून एक जास्तीची फेरी मारली. ती परीक्षेसाठी नव्हती, एवढं मला कळलं.

“देवळाकडं घ्या,” आत्या म्हणाली. “देवाला हात जोडते, मग फुडं.”

विमान नदीच्या अंगानं देवळावर आलं. आत्यानं हात जोडले आणि ते तसेच हवेत राहिले.

“दुकानं कुठं हायती?”

“कसली दुकानं, मावशी?”

“भंडाऱ्याची, नारळाची. एक बी न्हाय. देवाच्या निशाणाची उंच काठी बी न्हाय.” तिनं मान हलवली. “म्हंजी देव हितं न्हाय. अणदूरला आसंल. चला.”

त्या क्षणापर्यंत मला खरोखर कळलं नव्हतं. नळदुर्ग मी टिपलं तेव्हा गर्दी नव्हती, कारण देव अणदूरला होता. अणदूर टिपलं तेव्हा गर्दी नव्हती, कारण देव नळदुर्गला होता. गर्दी टाळता टाळता मी देवालाच टाळलं होतं. माझ्या अख्ख्या जिल्ह्यात खंडोबा कुठंच नव्हता. आणि विमान अणदूरकडं निघालं होतं, मला ओरडून सांगताही येत नव्हतं.

अणदूर आलं. आत्याचा चेहरा उजळला. “हे आमचं गाव! ही वेस, ही शाळा. अन् ह्यो माज्या दुकानाचा कट्टा. शिवे, कट्ट्याची फरशी फुटल्याली बी काढलीस का गं?” मग ती थांबली. देवळाचं स्वच्छ अंगण पडद्यावर सरकत होतं. “हितं बी न्हाय.”

“काय नाही?”

“देव न्हाय.” ती मागं वळली आणि माझ्याकडं अशी बघायला लागली की लहानपणी तिच्या पाटीतलं खोबरं चोरलं तेव्हासुद्धा तिनं तसं बघितलं नव्हतं. “तिकडं बी न्हाय, हितं बी न्हाय. देव कुठं ठिवलास तू?”

मी पदर आणखी आत कोंबला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

“मावशी, दहा मिनिटं उरलीत,” कॅप्टन म्हणाले. “हे अणदूर आहे की नाही?”

“दिसाया अणदूरच हाय. पर देवाबिगर कुठलं आलं अणदूर? ह्यो नुसता देखावा हाय.”

कॅप्टननी चष्मा काढला, खाली बघून काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल ते मला वाचून दाखवायची गरज नव्हती. “मग इथंच थांबायचं का?” त्यांनी विचारलं, आणि विचारताना त्यांचा आवाज नरम होता. तो नरमपणा मला सहन होईना.

विमान गावावर घिरट्या घालत होतं. आत्या बोटांवर काहीतरी मोजत होती, देवळाकडं बघत होती, परत बोटांकडं. आणि मग तिनं मांडीवर थाप मारली.

“अवो थांबा! दोनी देवळं रिकामी. दोनीकडची दुकानं उचलल्याली. काठी बी हलल्याली. असं वरसातनं दोनदाच हुतंय. देव निघालाय की!”

“कुठं?”

“नळदुर्गला! हितनं नुकताच उठलाय, अंगण बगा की. पालखी वाटंवर हाय. लेकी, आधी सांगायचं न्हाईस व्हय?” ती खुर्चीतून अर्धी उठलीच होती. “म्या तुमाला सांगितल्याली जागा त्याच वाटंवर हाय, साहेब. चला, सडक सोडा. पालखी सडकंनं जात न्हाय.”

“सडक सोडून कुठं जाऊ? खाली नुसती शेतं आहेत.”

“तो बांध दिसतुया का, वाकडा? त्याच्या अंगानं चला.”

कॅप्टननी विमान वळवलं, आणि बांधाच्या कडेनं एक पुसट पांढरी रेघ उलगडत गेली.

ही वाट कुठल्याही नकाशात नाही. ड्रोनला ती झाडांखालून दिसत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी काठीला मोबाइल बांधून ती अकरा दिवस पायी चालले होते, कधी या बाजूनं, कधी त्या बाजूनं, आणि घरचे विचारत होते की हिच्या डोक्यावर परिणाम झालाय का. कशासाठी चालले ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. आत्या ज्या वाटेनं जाते ती वाट असायला हवी, एवढंच वाटलं होतं.

“आता करंजाचं झाड येईल,” आत्या म्हणाली.

झाड आलं.

“मग ओढा. पाणी नसंल.”

कोरडा ओढा आला.

“डाव्या हाताला पडकी हीर. तिच्यात पिंपळ उगावलाय.”

विहीर आली, आणि तिच्यातून डोकावणारा पिंपळ. कॅप्टननी विमानाचा वेग कमी केला. त्यांच्या आवाजात बदल झाला होता. मघापर्यंत ते ‘नक्की का’ विचारत होते. आता विचारायला लागले, “पुढं काय, मावशी? आता काय येईल?” ते तपासत नव्हते. परक्या मुलखातला माणूस विचारतो तशी वाट विचारत होते. आणि आत्या दिसायच्या आधीच सांगत होती. एकही गोष्ट चुकत नव्हती. मी तोंडातला पदर काढून दोन्ही मुठींत धरला होता.

“आता लिंब. लिंबाच्या बुडाला ओटा. देवाच्या इसाव्याचा ओटा. तिथं पालखी टेकती. हीच माजी जागा.”

आणि मला आठवला तो प्रोग्राम. एक मीटरपेक्षा बुटक्या वस्तू. ओटा गुडघ्याएवढा आहे. मी हातानं घडवलेला, एक कोपरा ढासळलेला, वर शेंदूर लावलेला दगड. त्या प्रोग्रामनं गावोगावचे हातपंप पुसले, उकिरडे पुसले, गुरांचे पाण्याचे हौद पुसले. ओटा राहिला असेल का? त्यानंतर मी या वाटेवर परत आलेच नव्हते. तीन मिनिटं उरली होती आणि लिंबाचा शेंडा समोर वाढत होता. मी खंडोबाला म्हटलं, मी तुला विसरले, चुकले, पण तुझा ओटा तेवढा राहू दे.

विमान लिंबावर आलं. खाली ओटा होता. लिंब त्याच्यातूनच उगवलेला, म्हणून ओटा आणि झाड मी एकच वस्तू म्हणून बनवलं होतं, आणि झाड चांगलं तीस फूट उंच होतं. प्रोग्राम त्याला हात लावू शकला नव्हता. ढासळलेला कोपरा होता. शेंदराचा दगड होता.

कॅप्टननी शेजारी आपला मोबाइल धरला. एकदा फोटोकडं बघितलं, एकदा पडद्याकडं. “झाड उजवीकडं झुकलेलं,” ते स्वतःशीच म्हणाले. “कोपरा डावा. मागं बांध. सगळं आहे.”

“मग उतरवा,” आत्या म्हणाली.

“मावशी, इथं धावपट्टी नाही.”

“शेजारी पडीक रान हाय. देवाची पालखी टेकती तिथं, तुमचं इमान टेकना व्हय?”

कॅप्टन उतरले. ढेकळांवरून विमान असं हादरलं की आत्यानं वीरभद्रचा हात धरला. धूळ उडाली, पंखा थांबला. मग कॅप्टननी दृश्य विमानाबाहेर नेलं, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि पावलापावलानं ओट्याकडं चालायला लागले. लिंबाची सावली पडद्यावर आली. ओटा जवळ आला, अगदी हात लावावा इतका.

आत्या उठली. तिनं उजव्या पायानं डाव्या पायातली चप्पल काढली, मग दुसरी काढली, दोन्ही पायानंच खुर्चीखाली सारल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि माझ्या सेवा केंद्राच्या फरशीवर अनवाणी उभी राहून पडद्याला नमस्कार केला. तिचं तिलाही कळलं नसावं. ओट्याजवळ चप्पल घालून कुणी जात नाही, म्हणून ती गेली नाही.

कॅप्टन आत्याच्या पायांकडं बघत होते. परीक्षेत लबाडी नको म्हणून भिंतीवर लावलेल्या कॅमेऱ्यातून त्यांना ते दिसत होते.

“मी पुष्कळ जणांना सिम्युलेटरसमोर बसवलंय,” ते शेवटी म्हणाले. “सगळे म्हणतात, अगदी खरं वाटतं. चपला आजवर कुणी काढल्या नव्हत्या.” त्यांनी चष्मा पुसला. “शिवकन्या, आता बोललात तरी चालेल. निवड झाली. अणदूर जाणार अपडेटमध्ये, या वाटेसकट. आणि तो लेख मी लिहिला होता, तो परत लिहावा लागेल. तुमची माफी मागून.”

मला बोलायची परवानगी मिळाली. मी रडले. मोठ्यानं रडले, लाज न बाळगता, नाकातलं पाणी पुसत. वीरभद्रनं शटर वर ढकललं आणि स्टँडवरच्या लोकांना ओरडून सांगितलं की आपलं गाव जगात गेलं. कुणाला काही कळलं नाही, पण दोघंतिघं टाळ्या वाजवत आत आले. कोकण मागं पडलं, हिमालय मागं पडला, आणि आमचं बरड रान जिंकलं. तीन वर्षं मला हसलेला एकेक चेहरा मला आठवत होता आणि मी एकेकाला मनातल्या मनात पेढा भरवत होते.

आत्या मात्र अजून उभीच होती. पडद्यावरच्या ओट्याभोवती नजर फिरवत होती.

“साहेब,” ती म्हणाली, “ओटा मोकळाच हाय. पालखी फुडं गेली की.”

“मावशी, परीक्षा संपली. तुम्ही जिंकलात.”

“ते झालं चांगलं. पर नळदुर्ग अजून कोसभर हाय, अन् आपल्याला पालखी गाठाया पायजे.” तिनं चपला हातात घेतल्या आणि खुर्ची पुढं ओढून बसली. “उठवा इमान.”

कॅप्टननी एकदा माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी चष्मा घातला, पट्टा आवळला आणि इंजिन चालू केलं.

“येळकोट येळकोट!” आत्या ओरडली.

“जय मल्हार!” पुण्यातून आवाज आला, आणि विमान पडीक रानातून धावायला लागलं.